नोएलियाचा इसब

बुधवार, ५ जून

आज पुन्हा चादर बदलावी लागली. नोएलियानं झोपेत गुडघ्यांमागची कातडी इतकी खाजवली की पांढऱ्या चादरीवर रक्ताचे ठिपके पडले. हातांत मोजे घालून निजवते, तर ते दातांनी ओढून काढते. चार वर्षांची पोर, आणि कोपरांच्या लवणात, मानेला, गालांवर कातडी कशी झालीय, तर आटलेल्या तळ्याचा चिखल तडकतो तशी.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसणं संपलं. पण माझा भाऊ अनास्तासियो बुएनोस आयरेसला गवंडीकाम करतो, आणि त्याची बायको निमिया राजधानीत, असुन्सिओनला, एका बड्या घरी राहून धुणीभांडी आणि स्वयंपाक करते. शनिवारी येते, रविवारच्या शेवटच्या बसनं जाते. म्हणजे त्यांची पोर माझीच. तक्रार नाही. लग्न केलं नाही, मूल नाही. उशिरा का होईना, हे एक पदरात पडलं.

गेल्या वर्षी आरोग्य केंद्रात याला खरूज म्हणाले होते. घरातलं सगळं कापड उकळलं, पिवळं मलम गळ्यापासून पायापर्यंत चोपडलं, आणि पोर अंगाला आग लागल्यासारखी किंचाळली. खरूज नव्हतीच. शेजारची देओलिंदा म्हणते दृष्ट लागलीय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी तिनं एका अंड्यानं उतरवली, तेव्हा मी आड आले नाही.

शनिवार, ८ जून

निमिया आज स्वतःला विद्वान समजून आली. मागच्या रविवारी पोरीला घेऊन गेली होती ती मालकिणीच्या ओळखीच्या कातडीच्या डॉक्टरकडे. सोमवारी तिला परत आणून सोडलं, तेव्हा घाईत काही बोलली नाही. आज सगळं सांगितलं. रोगाचं नाव एक्झिमा. म्हणजे आपला इसब. कुणाकडून लागत नाही, कुणाला लागत नाही. जन्मतःच कातडी अशी असते की विटा आहेत पण मधला चुना नाही. आतलं पाणी उडून जातं, बाहेरचं नको ते आत शिरतं. म्हणून आंघोळ थोडक्यात, कोमट पाण्यानं, साबण नाही. अंग ओलसर असतानाच जाड व्हॅसलीन. आणि लाल झालेल्या जागी एक मलम, रोज दोनदा, डॉक्टर सांगेपर्यंत.

हे सगळं ती अर्धं स्पॅनिशमध्ये, अर्धं ग्वारानीत सांगत होती, खेड्यातल्या लोकांसारखं. मी मलमाच्या डब्यातला कागद चष्मा लावून वाचला. त्यात स्टेरॉइड आहे. देओलिंदाच्या मावसबहिणीनं तसलंच काहीतरी चेहऱ्याला वर्षभर लावलं, तर चेहऱ्याचा कांद्याचा पापुद्रा झाला. निमियाला म्हणाले, ठीक आहे, ठेव.

ती अंगणात गेल्यावर मलमाची नळी कपाटात, टेबलक्लॉथच्या खाली ठेवली. आणि साबणाचं म्हणाल, तर आमच्या आईनं सहाही भावंडांना खोबऱ्याच्या साबणानं घासून न्हाऊ घातलं. आम्ही काही मेलो नाही.

रविवार, १६ जून

निमियानं विचारलं, मलम लावता का ताई. लावते म्हणाले. ते खोटं नव्हतं, एकदा लावलं होतं. तिनं पोरीच्या मानेवर बोटं फिरवली. मग म्हणाली, ‘अजून खरखरीतच आहे.’ मी म्हणाले, ‘तू आठवड्यातून एकदा हात लावतेस, तुला काय कळणार.’ निमियानं मान खाली घातली. बोलायला नको होतं. पण रोजचं खाजवणं, रडणं, ते रक्त, हे सोमवार ते शनिवार माझ्या वाट्याला आहे, तिच्या नाही.

सोमवार, २४ जून

सॅन हुआनचा सण. चर्चच्या मैदानात होळी पेटवली होती, पोरं पेटता चेंडू लाथाडत होती. जून म्हणजे ऐन हिवाळा, दक्षिणेचा गार वारा सुटला होता. नोएलियाला माझ्या शालीत गुंडाळून उभी राहिले. धगीनं तिला खाज सुटली, मग वाऱ्यानं अजून सुटली. भाजलेल्या कणसाचा एक दाणा तिनं खाल्ला, बाकी माझ्या तोंडात भरवले. ‘आत्या, तू खा, तू म्हातारी आहेस,’ म्हणाली. आजूबाजूचे हसले. मी पण हसले.

घसा धरलाय.

शुक्रवार, २८ जून

तीन दिवस तापानं पडून होते. आज उतरला आणि ओठाच्या कोपऱ्यात नेहमीचा फोडांचा झुपका उठला. लहानपणापासूनचा आहे हा, ताप आला की मागोमाग येतोच. आई त्याला पित्त म्हणायची. तिलाही यायचा.

नोएलिया दिवसभर माझ्याच पलंगावर. दुपारी तेरेरे केलं, सुक्या पाल्यावर गार पाणी ओतून. थंडी असली तरी दुपारी ते लागतंच, आणि तिलाही मोठ्या माणसांसारखं माझ्याच शिंगाच्या पेल्यातून, माझ्याच नळीनं ओढायचं असतं. ओठाकडे बघून म्हणाली, ‘आत्या, तुला पण खाजतं?’ म्हटलं, नाही ग, दुखतं. ‘मग मी बरं करते.’ गाल फुगवून फुंकर घातली आणि बरोबर त्या फोडावर पापी घेतली. मग आपला सोललेला, लाल गाल पुढे केला. ‘आता माझं बरं कर.’

इतकी वर्षं शाळेत काढली. इतकं कुणी माझ्यासाठी केलं नाही.

रविवार, ३० जून

निमिया आली तशी गेली. माझ्या ओठाला काय झालं म्हणून विचारत होती. पित्त म्हणाले. तिनं जाताना मला लिंबं आणून दिली. मनानं वाईट नाही ती, पण घराला सवड नाही तिच्याकडे.

शुक्रवार, ५ जुलै

नोएलियाला ताप. काही खात नाही. चिपा पावाचा तुकडा हातात धरून बसली आणि तसाच परत दिला. गालावर आणि मानेवर बारीक पाण्याच्या पुळ्या आल्यात, जिथे इसब आहे तिथेच दाटीनं. कांजण्या असणार. कांजण्यांवर लावतात तो पाला देओलिंदानं आणून दिला. मी तो उकळून त्या पाण्यानं पुसलं. खूप रडली. आज पहिल्यांदा म्हणाली खाजत नाही, दुखतंय.

शनिवार, ६ जुलै

निमिया दुपारीच आली आणि तिला तशीच उचलून आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथला डॉक्टर म्हणाला, इसबात पू झालाय, खाजवून खाजवून जंतू गेलेत. अँटिबायोटिकचं गोड औषध दिलं. मला बरं वाटलं. निदान नाव तरी मिळालं.

घरी आल्यावर निमिया स्वच्छ टेबलक्लॉथ काढायला कपाटाकडे गेली. मलमाची नळी हातात घेऊन परत आली. ती दाबून बघितली. जवळजवळ भरलेलीच.

‘ताई, तुम्ही शाळेत अख्ख्या गावाला वाचायला शिकवलंत,’ ती म्हणाली. ‘यावरचं वाचता आलं नाही?’

या घरात माझ्याशी असं कुणी बोललेलं नाही. मी सांगितलं की स्टेरॉइडनं कातडी पातळ होते. ती म्हणाली, ‘आता कातडीच उरली नाही.’ मग पोरीजवळ जाऊन बसली, आणि उद्या शेवटच्या बसनं जाणार नाही म्हणून मालकिणीला फोन केला.

सोमवार, ८ जुलै

औषधाचा काही उपयोग नाही. पुळ्या फुटल्या आणि त्या जागी खड्डे पडलेत, सगळे एकाच मापाचे, कागदाला पंचिंग मशीननं भोकं पाडावीत तसे. उजवा डोळा सुजून मिटलाय. हात लावू देत नाही, उजेड सहन होत नाही. निमियानं देओलिंदाच्या जावयाची पिकअप बोलावली. मी पण बसले. राजधानीकडे निघालो. मी दोनदा म्हणाले, कांजण्या डोळ्यात जातात कधी कधी, घाबरू नकोस. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

बुधवार, १० जुलै

मुलांच्या हॉस्पिटलात आहोत. नोएलियाला वेगळ्या खोलीत ठेवलंय, शिरेतून औषध चालू आहे.

डॉक्टर विलासान्ती म्हणून एक बाई आहेत, आवाज बसलेला, पण शांत. त्यांनी आम्हा दोघींना बाकावर बसवून सांगितलं. ‘या कांजण्या नाहीत, नुसता पूही नाही. ताप आल्यावर मोठ्या माणसाच्या ओठावर फोड येतो ना, त्याच विषाणूचं हे काम आहे. तुम्हाआम्हाला तो आठवडाभर सतावतो आणि सुकतो. पण इसब भडकलेला असला की कातडीला भिंत नसते. मग तो शिरतो आणि वणव्यासारखा पसरतो. हे लवकर ओळखता आलं तर बरं असतं. पण दिसायला फसवं असतं ते.’

मग विचारलं, ‘गेल्या दोन आठवड्यांत घरात कुणाच्या ओठावर असा फोड होता का? पापी घेतली असेल, एका नळीनं तेरेरे प्यायलं असेल?’

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते आता आठवत नाही. निमिया माझ्या आधी बोलली.

‘नाही डॉक्टर. घरात कुणाला नव्हता. आम्ही बसनं जातो-येतो. बसमध्ये कुणाकडून तरी लागला असेल.’

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बरं म्हणाल्या. त्यांनी काही लिहिलं नाही.

माझ्या ओठावर आता नुसता गुलाबी डाग आहे. पण तो पित्ताचा. आईलाही यायचा, आणि आईनं आम्हा सगळ्यांचे मुके घेतले. विषाणूचा काय संबंध. सांगितलं असतं तर डॉक्टरांचा उगीच गोंधळ झाला असता.

गुरुवार, ११ जुलै

कॉरिडॉरमध्ये बसून एकच विचार येतोय. निमियानं बसचं नाव का घेतलं? आमच्या घरात दर आठवड्याला बसनं जाणारी एकटी तीच आहे.

सोमवार, १५ जुलै

ताप उतरला. खड्ड्यांवर खपल्या धरू लागल्या. कातडीचे डॉक्टर समाधानी आहेत. डोळ्यांचे डॉक्टर रोज येतात आणि बोलत नाहीत.

निमिया जेवायला खाली जाते तेव्हा मी खोलीच्या काचेपाशी उभी राहते. आत जायला एकालाच परवानगी, आणि तिनं आपलंच नाव दिलंय. नोएलियानं आज काचेतून मला पाहिलं, म्हणजे एका डोळ्यानं. दुसऱ्यावर पट्टी आहे. हात हलवला. मी पण हलवला. मग नर्सनं पडदा ओढला.

शुक्रवार, २६ जुलै

आज सांगितलं. विषाणू बुबुळावरच्या काचेपर्यंत पोचला होता. ती काच आता काचेसारखी राहिली नाही, पांढरा डाग राहणार. उजव्या डोळ्यानं उजेड-अंधार कळेल, हात हलवलेला कळेल. अक्षर कळणार नाही. पुढे मोठी झाल्यावर दुसऱ्याची काच बसवता येते का बघू, पण तो विषाणू आता अंगातच लपून राहतो, बसवलेल्यावरही पुन्हा उठू शकतो, म्हणून आशा फार धरू नका.

निमिया रडली नाही. तिनं विचारलं की दुसरा डोळा जाईल का. डॉक्टर म्हणाले, सांभाळायचं. इसब काबूत ठेवायचा, ओठावर फोड असलेल्या कुणालाही जवळ येऊ द्यायचं नाही, पोरीला डोळा चोळू द्यायचा नाही. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, पाठांतर करणाऱ्या मुलीसारखी.

पोर अक्षरं गिरवायला लागली होती. ‘एन’ उलटा काढायची. मी तो तसाच ठेवला होता, पुढच्या वर्षी दुरुस्त करू म्हणून.

रविवार, ४ ऑगस्ट

घरी आलो. निमियानं नोकरी सोडली.

तिनं बाजारातून आल्या आल्या माझ्यासाठी नवा पेला आणि नवी नळी आणली. शिंगाचा, छान, चांदीच्या पट्टीचा. ‘हा तुमचा, ताई. तो जुना नोएलियाचा आणि माझा.’ या देशात माणूस भांडलेल्या शेजाऱ्यालाही आपल्या नळीनं प्यायला देतो. माझ्या घरात, माझ्या अंगणात बसून मला वेगळं काढलं. मी त्या पेल्यातून प्यायले नाही. तहान नाही म्हणाले.

सोमवार, १९ ऑगस्ट

निमिया सगळं डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे करते. कोमट पाणी, टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, लगेच व्हॅसलीन, लाल दिसलं की मलम. ही पोर जन्मल्यापासून तिची कोपरं इतकी मऊ मी पाहिली नव्हती. रात्रभर झोपते. चादरीवर एक डाग नाही. कातडी अशी झाली, आणि डोळा तसा झाला.

आज ती दाराच्या उजव्या चौकटीवर आपटली. त्या बाजूचं तिला दिसत नाही. उचलायला मी पुढे झाले, तर निमिया स्वयंपाकघरातून धावत आली आणि आमच्यामध्ये उभी राहिली. म्हणजे तिला वाटत असेल, आपटली ती माझ्यामुळे.

गुरुवार, २९ ऑगस्ट

देओलिंदाशी बोलणं सोडलं. कुंपणापाशी उभी राहून सहज म्हणाली, ‘एर्मेलिंदा, सॅन हुआननंतर तुझ्या पण ओठाला आला होता ना?’ मी तिला पित्ताचं समजावून सांगितलं. म्हणाली, ‘हो, पित्तच असेल,’ आणि घाईघाईनं कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, जे तिनं नुकतेच टाकले होते.

मी नंतर बराच वेळ आरशासमोर होते. ओठाला काही नाही. स्वच्छ आहे.

ज्या घरात निमिया काम करायची तिथे तीन मुलं आहेत. मुलांच्या तोंडाला काहीबाही असतंच. ती तिथली भांडी घासायची, त्यांचं उष्टं खायची, आणि मग शनिवारी इथे येऊन पोरीला मिठी मारायची. दोन अधिक दोन करायला शाळा लागत नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

उद्या त्या दोघी बुएनोस आयरेसला जाणार. अनास्तासियोनं तिकिटं काढलीत. तिथे डोळ्यांची मोठी हॉस्पिटलं आहेत म्हणाला. मला या म्हणाला नाही.

निमिया कपडे घड्या घालत होती. नोएलिया तिच्या मांडीला टेकून बसली होती. मी दारात उभी राहिले आणि शेवटी विचारलंच. म्हणाले, ‘निमिया, जाण्याआधी एकदा खरं सांग. डॉक्टरांपुढे तू बसचं का बोललीस? तुझ्या मालकिणीच्या घरून तूच आणलंस ना ते?’

तिच्या हातात पोरीचा पिवळा स्वेटर होता. तो तिनं खाली ठेवला. नोएलियाला म्हणाली, जा, कोंबड्यांना टाटा करून ये. ती भिंतीला हात लावत लावत बाहेर जाईपर्यंत निमिया थांबली. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

‘हो ताई,’ म्हणाली. ‘मीच आणलं.’

मी बसले. ‘मग इतके दिवस का नाही सांगितलंस?’

‘वाटलं, ते घेऊन जगता येणार नाही.’

मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. सांगितलं की मुद्दाम कुणी करत नाही, आईच्या हातून चुकून झालं, देव बघतो, मी तुला माफ केलं. तिनं स्वेटर पुन्हा उचलला. मग म्हणाली, ‘बरं ताई.’ आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

छातीवरचं ओझं उतरलं. आज झोप लागेल.

रविवार, ८ सप्टेंबर

बस थांब्यावर आली. नोएलियाला नवीन फ्रॉक, केसांना फीत, डोळ्यावर काळा चष्मा. मी खाली वाकले. तिनं हात पुढे केला, साहेबासारखा.

‘आत्या, पापी नाही घ्यायची,’ ती म्हणाली. ‘आई म्हणते हातानं द्यायची.’

तिचा हात मऊ होता. मी तो हातात घेऊन हलवला. निमियानं मात्र मला मिठी मारली, घट्ट, आपला चेहरा माझ्या खांद्यामागे ठेवून. मग तिनं पोरीला उचललं आणि उजवी बाजू आपल्याकडे येईल असं खिडकीत बसवलं. डाव्या डोळ्यानं ती मला बघत असेल. काच काळी होती, दिसलं नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

अनास्तासियोचा फोन. सुखरूप पोचल्या. नोएलियाशी बोलू का म्हटलं, तर झोपलीय म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते. मागून तिचा आवाज येत होता.

घरात काही करायचं नाही. चादरी स्वच्छ आहेत.

झोप लागत नाही. कबुली मिळाली तेव्हा लागेल असं वाटलं होतं. शाळेत मी शेकड्यानं कबुल्या ऐकल्या. कुणी खडू चोरले, कुणी दुसऱ्याचा डबा खाल्ला. खरं कबूल करणारं मूल आधी जमिनीकडे बघतं, मग दाराकडे. निमियानं जमिनीकडे बघितलं नाही. ती सारखी माझ्याकडेच बघत होती. मैदानात एखादं पोर जोरात पडतं, आणि आपल्याला किती लागलंय हे त्याला अजून कळलेलं नसतं, तेव्हा मी त्याच्याकडे बघायची, तशी.

माझ्याकडे असं का बघावं कुणी?